मोजण्याजोगं दुकान

दोन जावांची भाजी-दुधाची दुकानं समोरासमोर. थोरलीकडे भिंतभर काचेचे फ्रीज. धाकटीकडे ओल्या पोत्यानं झाकलेली भाजी आणि त्या फ्रीजकडे बघून रोज जळणारा जीव.

गरीब देशांतली खाण्यापिण्याची दुकानं हवेत किती घातक वायू सोडतात, याची तुलना करायला एक पाहणीवाली बाई आली. थोरलीच्या फ्रीजांना यंत्रं लावून तिनं अख्खी सकाळ काढली. धाकटीच्या दारात मात्र क्षणभर थांबली, पोत्याचा एक फोटो काढला आणि हसली, "ताई, तुमच्याकडे मोजण्यासारखं काहीच नाही हो!"

हे धाकटीच्या वर्मी लागलं. "नाही काय? पुढच्या वेळी या, दाखवते!"

महिन्याभरानं थोरली तणतणत आली. "सगळ्या देशांतल्या दुकानांत तुझं पहिलं आलंय. सगळ्यात कमी वायू म्हणे! पेपरात तुझ्या पोत्याचा फोटो, आणि माझे फ्रीज मेले गुन्हेगार! आज ती पाहणीवाली माणसं तुझं दुकान बघायला येतायत. नशीब काढलंस गं."

या घरात आल्यापासून पहिल्यांदाच थोरलीचा जळफळाट होत होता. धाकटीनं तो डोळे भरून पाहून घेतला.



तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. "धाकट्या वहिनी, तुम्ही मागवलेले काचेचे तीन फ्रीज आणलेत. कुठं ठेवू?"