शंकूचं घनफळ

गणिताच्या सरांच्या वर्गात पोरं श्वाससुद्धा बेतानं घ्यायची. मागं एकानं फळ्यावरची चूक दाखवली, तर सरांनी खडू त्याच्याच हातात दिला. "या मास्तर, आता तुम्हीच शिकवा," म्हणाले, आणि तास संपेपर्यंत त्याला तसंच उभं ठेवलं. वर्ग पोट धरून हसला. पण त्या दिवसापासून एकही हात वर झाला नाही. सर मात्र स्टाफरूममध्ये सांगायचे, शिस्त बघायची तर माझ्या वर्गात येऊन बघा.

यंदा पहिल्यांदाच वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायला दुसऱ्या शाळेत पाठवले. पेपर तपासून परत आले तेव्हा सरांचं तोंडच उतरलं. शंकूच्या घनफळाच्या गणितात अख्ख्या वर्गाचे पाच-पाच मार्क उडाले होते. शेवटी तीननं एकानंही भागलं नव्हतं. चष्मेवाली म्हणजे वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, तिची तर तेवढ्यापायी स्कॉलरशिप हुकली होती. सरांनी तिची वही मागवली. वहीत फळ्यावरनं जसंच्या तसं उतरवलेलं. भागायचं विसरले होते ते सरच.

"अगं, पुस्तकात बरोबर दिलंय की. बघितलं नाहीस?"

"बघितलं होतं सर. सगळ्यांनीच बघितलं होतं."

"मग निदान परीक्षेत तरी बरोबर लिहायचं ना, बाई."

ती मान खाली घालून म्हणाली, "आम्हाला वाटलं, पेपर तुम्हीच तपासणार."