हात सुटेपर्यंत

"तुम्हाला नाही विकणार," दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या आणि एकचाकी सायकल परत खुंटीला अडकवली.

गिऱ्हाईक चांगलं सत्तरीचं. डोक्यावर टोपी, छातीवर रुळणारी पांढरी दाढी. नातवासाठी हवी असेल असं बाई धरून चालल्या होत्या, तर हे गृहस्थ म्हणे स्वतःच शिकणार. स्वस्तातली दाखवा, पण टिकाऊ दाखवा. या वयात मोडलेलं हाड लवकर जुळत नाही, हे बाईंचं दोनदा सांगून झालं होतं.

तो जागचा हलला नाही. बायको जाऊन तीन वर्षं झाली, घरात सकाळ सरता सरत नाही, रोज उठून कुठेतरी जायला कारण हवंय, असं त्याने सरळ सांगून टाकलं. बाईंनी सायकल पुन्हा खाली काढली.

आणि मग त्या रंगात आल्या. उमेदीची वीस वर्षं सर्कशीत एका चाकावर काढलेली बाई ती. चकचकीत रंगाला भुलू नका, म्हणाल्या. चाक वीस इंची घ्या, त्याहून मोठं नवशिक्याला आवरत नाही. टायर जाड हवा. सांगाडा साधा लोखंडी चालेल, पण पॅडलचे दांडे हलवून बघा. खुळखुळले तर फुकटातसुद्धा नको. सीट बेंबीच्या उंचीला लावायची. तिला पुढेमागे प्लास्टिकची जाड पट्टी हवीच, कारण सुरुवातीला तुमच्याइतकीच तीही आपटणार.

तो मन लावून ऐकत होता. बोटं तेवढी सीटवर टकटक चालली होती.

"हात किती दिवस धरावा लागतो?" त्याने विचारलं.

दुकानाचा नियमच होता. शिकाऊ माणसाचा हात बाई स्वतः धरत, रोज सकाळी, दुकानामागच्या अंगणात. ज्या दिवशी हात सुटला, त्या दिवशी सायकल त्याची आणि शिकवणी बंद.

पंधरा दिवस पुरतात, बाई म्हणाल्या. मग त्यांना हसू आलं. एकालाच चार महिनेही पुरले नव्हते, सर्कशीतल्या ढोलवाल्याला. बाई रिंगणात शिरायच्या तेव्हाचा ताल त्याने खास त्यांच्यासाठी बांधला होता. पण चाकावर बसला की नुसता मातीचा गोळा. रोज तालमीआधी बाईंचा हात धरून फेऱ्या मारायचा आणि हात सोडला की धपकन खाली. अख्खा तंबू पोट धरून हसायचा.

"शिकला का शेवटी?"

"कुठला शिकतोय! सर्कस बंद पडली, सगळे पांगलो." बाई फडक्याने सीट पुसत राहिल्या. "वाटायचं, काहीतरी बोलेल. मी हो म्हटलं असतं. मठ्ठ होता अगदी."

गिऱ्हाइकाने टोपी उगाच सारखी केली.

अंगणात बाईंनी हात पुढे केला. एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसरीला त्यांनी हात सोडला आणि तो धपकन खाली बसला. बाई पुढे धावल्या. लागलं नाही, म्हणाला तो, आणि उद्या येऊ का, असं विचारून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

टायरमध्ये हवा कमी आहे, पंप आणते, एवढं बोलून बाई आत गेल्या. या माणसाला हे जमायचं नव्हतं. वाईट वाटत होतं, पण बाहेर जाऊन स्पष्ट नाही म्हणायचं त्यांनी ठरवलं.

आत सर्कशीतून आणलेला, तोंडाला रंग लावायचा जुना आरसा होता. त्यात अंगण दिसायचं. पंप उचलताना बाईंची नजर तिकडे गेली.

तो सायकलवर होता. पाठ ताठ ठेवून अंगणभर गोल फिरत होता, पुढे, मग तसाच मागे. आणि दोन्ही तळव्यांनी छातीवर बाईंच्या प्रवेशाचा ताल वाजवत होता.

तो उतरेपर्यंत बाई आरशापुढेच उभ्या राहिल्या. डोळे पुसले. मग मुद्दाम पाय वाजवत बाहेर आल्या.

"तुम्हाला चार महिने तरी लागतील," त्या म्हणाल्या, आणि हात पुढे केला.