आजीची ओळ

अकरा वर्षं लग्नांच्या ऑर्केस्ट्रात दुसऱ्यांची गाणी गाऊन गळा खरवडल्यावर प्रीती मेश्रामला शहरातल्या महोत्सवात स्वतःचं जाझ-रॉक गाणं गायला मिळालं होतं. स्टेजवर चढायच्या आधी आयोजक जवळ आला. "मॅडम, गाणं भारी आहे. फक्त ती बौद्ध दीक्षेची 'छप्पनले दीक्षा घेऊन आजी माही माणूस झाली' ओळ गाळा. समोर स्पॉन्सर बसलेत."

"काहून? ते माणूस झाली म्हणून यांचं पोट दुखून राहिलं का?"

आयोजक तिला सोडून साऊंडवाल्या म्हाताऱ्या देवाजीकडे वळला. "ते ओळ आली का माइक बंद करजो. नाही त उद्यापासून तुहं काम बंद." देवाजीनं मुकाट मान हलवली.

यांना नाचायला ठेका पाहिजे, गाणारीची आजी मात्र नको! प्रीती ती ओळ गायलीच. देवाजीनं खटकन माइक बंद केला. तिचे नुसते ओठ हलले. आयोजक गालात हसला.

 

आणि टेस्टिंगचा माइक स्वतःच्या तोंडाशी धरून देवाजी बेसूर ओरडला, "छप्पनले दीक्षा घेऊन माय माही माणूस झाली!"