गालावरची तीट

मयुरीने चार महिन्यांच्या तेजसला अंगणवाडीच्या काट्यावर ठेवलं, तशा बायका त्याचं वजन बघून तोंडाला पदर लावून हसल्या.

"वरचं काय पाजतेस गं याला?" अंगणवाडीच्या ताईंनी विचारलं.

"काही नाही ताई, फक्त अंगावरचं."

कोणालाच पटलं नाही. चोरी पकडल्यासारखी ती त्याला पदराखाली झाकून घरी घेऊन आली.

एवढं बाळसं कोणाच्याही नजरेत भरणारच. त्यात घरात मोठी जाऊ, सुलक्षणा. तिचं बाळ दोन महिन्यांपूर्वी जन्मलं आणि लगेच गेलं. तेव्हापासून ती तेजसकडे टक लावून बघत बसायची. मळ्यात भाकर पोचवायला जाताना त्याला तिच्यापाशी ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं, म्हणून मयुरी निघण्याआधी त्याच्या गालावर काजळाची ठसठशीत तीट लावायची.

त्या दुपारी ती जरा लवकर परतली. तेजस तृप्त झोपला होता आणि गालावरची तीट फिसकटली होती. सुलक्षणा घाईघाईने पदर सावरत होती. तिच्या छातीवर काजळाचा काळा डाग होता.

"मन्हं दूध आटस नही व, मयुरी," ती खाली मान घालून म्हणाली.

मयुरीला मान वर करून तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी भाकरीचं फडकं बांधून झाल्यावर तिने काजळाची डबी उघडली.

"हलू नका, अक्का," म्हणाली, आणि सुलक्षणाच्या कानामागे तीट लावली.