मोठी अक्षरं

श्रीरंगने मोबाइल वायरशिवाय टीव्हीला जोडला आणि नातीच्या बारशाचे फोटो बघून कुमुदिनीबाई हरखल्या. "बघत बस आई, मी चहा टाकतो," म्हणून तो मोबाइल घेऊनच स्वयंपाकघरात गेला.

टीव्हीवरचा पाळण्याचा फोटो नाहीसा झाला. श्रीरंग आतून बहिणीला लिहीत असलेला मेसेज तिथे उमटू लागला, चष्म्याशिवायही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत. "ताई, रिपोर्ट आले. आई फार तर दिवाळीपर्यंत. तिला सांगू नकोस."

बाईंनी टीव्ही बंद केला.

"बंद का केलास गं?" चहा देत त्याने विचारलं.

"डोळा लागत होता."

त्यांनी घोट घेतला. मधुमेहामुळे इतकी वर्षं साखरेचा कणही न देणाऱ्या श्रीरंगने आज चहा चांगला गोड केला होता.

"कसा झालाय?"

"नेहमीसारखाच," म्हणत त्यांनी कप रिकामा केला.