लोरीनबाईंचं हलकं रिव्हॉल्व्हर

वेस्ट व्हर्जिनियातल्या आपल्या दुकानात व्हर्नन टॅकेट तीस वर्षांपासून जुन्या बंदुकांची किंमत ठरवत आला होता. हत्यार हातात आलं की आधी उघडून पाहायचं, हा त्याचा शिरस्ता.

लोरीनबाईंनी मेलेल्या नवऱ्याचं, हार्लनचं, रिव्हॉल्व्हर समोर ठेवलं. व्हर्ननने काडतुसांची चक्री उघडली. सहाही घरं रिकामी होती.

"सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा आहे. रिकामं पंधरा औंस भरतं," असं म्हणत त्याने ते काट्यावर ठेवलं. काटा साडेपंधरावर गेला.

एका काडतुसाचं वजन अर्धा औंस असतं. त्याने पुन्हा उघडलं. रिकामंच. पुन्हा तोललं, तर सोळा.

"काटा म्हातारा झालाय, तुमच्यासारखा," बाई म्हणाल्या, पण हसल्या नाहीत.

"गेल्याच महिन्यात तपासलाय," तो गुरगुरला.

त्याने आणखी चारदा उघडलं, चारदा तोललं. काटा अठरावर थांबला. घरांतून मात्र आरपार उजेड दिसत होता.

"हार्लनही असाच उघडून बघत बसायचा," बाई म्हणाल्या. "शेवटी कंटाळला."

"चुलीत गेलं ते वजन!" व्हर्नन चिडला. आतले भाग किती झिजलेत, ते चाप ओढल्यावरच कळणार होतं. पण दुसऱ्याच्या हत्याराचा चाप विचारल्याशिवाय ओढायचा नसतो.

"ओढू का?"

"ओढा की. रिकामंच आहे ना?"

त्याने चक्री मिटली, नळी वाळूच्या बादलीकडे वळवली, चापावर बोट ठेवलं आणि सहज वर पाहिलं.

लोरीनबाईंनी दोन्ही हातांनी कान गच्च दाबून धरले होते.