फक्त रविवारी

अंथरुणाला खिळलेले वडील एकदा म्हणाले, "जगाच्या कथा वाचत असतेस, तुझी एखादी मला वाचून दाखव की."

पायाने शिलाई मशीन आणि अंगठ्याने फोनवरचा कथांचा गट चालवणाऱ्या लेकीच्या ते मनाला लागलं. गटात तसंही 'अहो रूपम्, अहो ध्वनिः'च चालायचं. हातातली शिलाई अर्धी टाकून तिने तिथे लिहिलं, "माझे वडील आजारी आहेत. यापुढे मी इथे फक्त रविवारी येईन. न वाचता कोणाच्या कथेला 'छान' म्हणणार नाही, माझ्या कथेलाही कोणी म्हणू नये."

मग स्वतःची एक जुनी कथा शोधून ती वडिलांच्या उशाशी बसली. पहिलं वाक्य वाचते न वाचते, तोच गटातल्या तिच्या निरोपाला उत्तरं येऊन फोन थरथरायला लागला.

"छान."

"अप्रतिम. बाप-लेकीचं नातं काळजाला भिडलं, ताई."

"कथा उत्तम, पण शेवटाला अजून धक्का हवा होता."

"थांबा हं अण्णा," ती म्हणाली, "आधी एवढ्यांना धन्यवाद लिहिते."

 

अण्णांनी भिंतीकडे कूस वळवली.